दिगूचं हसू आणि दोनशे रुपये

२३ नोव्हेंबर २०१९ च्या सकाळी माझ्या रूममेटने मला हलवून उठवलं. शनिवार होता, पहिल्या नोकरीला चार महिने झाले होते आणि शनिवारी साडेनऊच्या आत उठायचं नाही असा आमच्या फ्लॅटचा अलिखित नियम होता. दारात पडलेल्या पेपरात एक मुख्यमंत्री होता आणि टीव्हीवर दुसराच शपथ घेऊन मोकळा झाला होता. महिन्याभरापूर्वी मी आयुष्यात पहिल्यांदा विधानसभेसाठी मत दिलं होतं. त्यासाठी रात्रीच्या एसटीने बीड जिल्ह्यातल्या गावी गेले होते, शाई लावलेल्या बोटाचा फोटोही काढला होता. तो फोटो मी त्या दिवशी दुपारी डिलीट केला. फार नाटकी वाटतं आता सांगताना, पण केला.

इंजिनिअरिंगच्या बॅचच्या ग्रुपवर त्या सकाळी कुणीतरी एक कृष्णधवल क्लिप टाकली. एक मध्यमवयीन माणूस हसत सुटला आहे. हसू थांबतच नाही, आणि काही सेकंदांनी आपल्याला त्याची भीती वाटू लागते. खाली हसून रडणाऱ्या इमोजींची रांग. 'सिंहासन'मधला नीळू फुल्यांचा दिगू टिपणीस मला असा भेटला, चित्रपट न पाहता. पुढे जून २०२२ मध्ये आमदार सुरत, गुवाहाटी करू लागले तेव्हा ती क्लिप पुन्हा आली (चित्रपटातल्या मुख्यमंत्र्याचं आडनाव शिंदे आहे, त्यामुळे त्या वेळी तिला जास्तच टाळ्या पडल्या). जुलै २०२३ मध्ये पुन्हा. आता तर कुणी शब्दही लिहीत नाही, नुसती क्लिप टाकतात. तिचा अर्थ ठरून गेला आहे: हे सगळं असंच होतं, असंच राहणार, शहाण्या माणसाने हसावं आणि आपल्या कामाला लागावं. आमच्या बॅचमधल्या बऱ्याच जणांनी कामाला लागणं म्हणजे टोरंटो, म्युनिक, डब्लिन असा अर्थ घेतला. माझ्याही लॅपटॉपवर कॅनडाचा एक अर्धवट भरलेला अर्ज दीड वर्षं पडून आहे.

'सिंहासन' मी पूर्ण पाहिला तो गेल्या पावसाळ्यात. त्यानंतर महिन्याभरात चार वेळा पाहिला. एवढ्यांदा पाहण्याचं कारण असं की क्लिपमधल्या हसण्याचा जो अर्थ आम्ही लावत होतो तो मला चित्रपटात नीट सापडेना.

चित्रपट १९७९ चा. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली, जब्बार पटेलांनी दिग्दर्शन केलं. मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदेंना एक निनावी फोन येतो की तुम्हाला खाली खेचायचा कट शिजतो आहे. कट शिजवणारे अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे. मग आमदारांची मोजदाद, कामगार पुढाऱ्याचा संप, स्मगलरचे पैसे, दिल्लीकडे लागलेले कान. या सगळ्यांच्या मधून दिगू फिरतो. तो पत्रकार आहे आणि त्याला सगळीकडे प्रवेश आहे. सगळे त्याच्याशी बोलतात. त्याचं घर मात्र रिकामं आहे.

पहिल्यांदा पाहताना मी सगळ्यांसारखी कट फसतो की साधतो याकडे लक्ष ठेवून होते. दुसऱ्यांदा पाहताना फक्त दिगूकडे पाहिलं. तेव्हा लक्षात आलं की चित्रपटभर हा माणूस जवळजवळ काहीच करत नाही. ऐकतो, पाहतो, ताडतो. कोण कुठे बसला, कोण कुणाच्या गाडीतून उतरला, हे त्याला आपल्या आधी कळतं. त्याचं ज्ञान थक्क करणारं आहे आणि त्या ज्ञानाचा उपयोग शून्य आहे. आमच्या कामात ऑन-कॉल नावाची पाळी असते. रात्री सिस्टिम बिघडली तर उठायचं, डॅशबोर्ड बघायचा. नवीन पोरं अशा वेळी एकामागून एक लाल होणारे आलेख बघत बसतात. त्यांना वाटतं आपण काम करतो आहोत. सिनिअर येतो, डॅशबोर्ड बंद करायला लावतो आणि विचारतो, एक फसलेली रिक्वेस्ट दाखव, एकच, कुणाची होती, कुठे अडकली? दिगूकडे महाराष्ट्रातला सर्वोत्तम डॅशबोर्ड आहे. तो शेवटी वेडा होतो यात आश्चर्य नाही. नीळू फुल्यांनी ते हसू ज्या तऱ्हेने केलं आहे, त्यात शहाणपणाचा लवलेश नाही. ते कोसळलेल्या माणसाचं हसू आहे. क्लिप कापणाऱ्याने आधीचे दोन तास कापले, म्हणून ते आपल्याला मर्मज्ञाचं हसू वाटतं.

इथपर्यंत मी एका मित्राला फोनवर सांगितलं. तो म्युनिकला असतो. तो म्हणाला, कोसळलेला असो की शहाणा, पण निष्कर्ष तर तोच ना? दिगूने जे पाहिलं ते खरंच होतं.

ते खरं होतंच. आणि साधूंचा हा सूर नुसता तात्कालिक वैतागाचा नव्हता, हेही मान्य करायला हवं. अनेक जण 'सिंहासन'मधली निराशा १९७७ च्या आशाभंगाच्या खात्यावर लिहितात: आणीबाणी उठली, पु. ल. देशपांडेंसारखा लेखक प्रचारसभांत बोलला, जनता पक्ष आला आणि जुलै १९७९ मध्ये मोरारजींचा राजीनामा. सुरेश भटांचं जे गाणं आशा भोसलेंच्या आवाजात या चित्रपटात येतं, तेही हातची पहाट निसटल्याचंच गाणं आहे, त्यामुळे हा हिशेब जुळतो. पण 'मुंबई दिनांक' १९७३ ची कादंबरी आहे. आणीबाणीच्या दोन वर्षं आधी साधूंना मंत्रालयाच्या जिन्यावर हे सगळं दिसत होतं. ते स्वतः पत्रकार होते, त्या जिन्यावर उभे होते. माझी शंका साधूंच्या नजरेबद्दल नाहीच. शंका जिन्याबद्दल आहे. त्या जिन्यावरून जे दिसतं त्याला आपण 'महाराष्ट्राचं राजकारण' हे पूर्ण नाव देऊन टाकलं आणि पुढच्या पिढ्यांनी, माझ्यासकट, ते तसंच वापरलं.

१९७९ या सालाचंच बघा. त्या वर्षी २६ जानेवारीला महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा अमलात आला. मागेल त्याला काम द्यायला सरकार कायद्याने बांधील आहे, असं म्हणणारा. विधिमंडळाने तो १९७७ मध्ये केला होता. त्याच्या मागे वि. स. पागे या विधान परिषदेच्या सभापतींची वर्षानुवर्षांची चिकाटी होती, आणि त्याच्याही मागे १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या लाखो माणसांचे मोर्चे होते. म्हणजे ज्या विधानभवनात आमदारांची मोजदाद चालली होती, त्याच विधानभवनात, त्याच तऱ्हेच्या आमदारांनी, हाही कायदा केला. कोणत्या गटाने, कुणाला शह देण्यासाठी, कुठल्या हिशेबाने हात वर केले असतील ते असोत. दिगूच्या वहीत तो हिशेबच आला असता, कायदा नसता आला. आतल्या पानावर दोन कॉलम फार तर.

मला हे ठाऊक असण्याचं कारण वाचन नाही. कारण आहे माझी सॅलरी स्लिप. महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्या बहुतेकांच्या स्लिपवर कपातीच्या रकान्यात 'पीटी' म्हणून एक ओळ असते: दोनशे रुपये, फेब्रुवारीत तीनशे, वर्षाचे अडीच हजार. प्रोफेशनल टॅक्स, व्यवसाय कर. आमच्या ऑफिसात बंगळूरहून बदलून आलेल्या एकाने विचारलं की हे फेब्रुवारीत शंभर जास्त का, म्हणून मी शोधायला गेले. फेब्रुवारीचं उत्तर किरकोळ निघालं, अकरा दोनशे आणि एक तीनशे मिळून अडीच हजारांची बेरीज जमवायची, बस. पण हा कर आला कुठून ते कळल्यावर मी खुर्चीत सरळ बसले. १९७५ च्या कायद्याने तो आला तो रोजगार हमीचा खर्च भागवण्यासाठी. शहरातल्या पगारदारांनी महिन्याला थोडं द्यायचं, तेवढीच भर राज्याने घालायची, आणि त्यातून गावातल्या बिनकामाच्या माणसाला काम द्यायचं. त्या पैशाचं पुढे काय काय झालं, तो सगळा त्याच कामावर लागला का, यावर वर्षानुवर्षं टीका होत आली आहे आणि ती योग्य आहे. तरीही त्या ओळीकडे बघताना मला माझी आजी दिसली.

माझी आजी ७२ च्या दुष्काळात खडीला होती. आमच्याकडे असंच म्हणतात, 'खडीला होती', जसं मी आयटीत आहे. ती हातोडी आणि टोपल्याबद्दल फारसं बोलायची नाही. सुकडीबद्दल आणि मिलोच्या लाल भाकरीबद्दल बोलायची. मिलोची भाकरी कशी घशात अडकायची ते ती करून दाखवायची आणि आम्ही पोरं हसायचो. पुढे रोजगार हमी आल्यावर गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलाव झाला, त्याच्या बांधावर तिने दोन उन्हाळे माती टाकली. ती राजकारणाबद्दल आशा किंवा निराशा असं काही बोलल्याचं मला आठवत नाही. मस्टर कुणी नीट लिहिलं नाही, मुकादमाने कुणाचे दिवस खाल्ले, कुणाच्या मागे लागून ते परत लिहून घेतले, हे मात्र तिला पंचवीस वर्षांनंतरही तोंडपाठ होतं. आजी सही करायला शिकली ती त्या मस्टरपायी.

मी इथे कुठलीही यशोगाथा सांगत नाही. त्या राज्य कायद्याच्या अनुभवावर २००५ मध्ये देशाने रोजगार हमीचा कायदा केला, आणि डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी दुसरा आणला: दिवस शंभराचे सव्वाशे झाले, पण खर्चाचा मोठा वाटा राज्यांच्या गळ्यात पडला आणि 'हमी' या शब्दात किती दम उरला यावर भांडण चालू आहे. मिळालेलं टिकतं असं नाही. पण ज्याला 'काहीच बदलत नाही' असं म्हणायचं आहे त्याला, काय बदललं होतं आणि आता त्यातलं काय काढून घेतलं जातं आहे, हेही दिसेनासं होतं. दिगूच्या हसण्याचा मला राग येतो तो इथे. त्या हसण्यात सगळं सारखंच असतं, पहाटेची शपथ आणि मस्टरवरचे खाल्लेले दिवस.

आता पटेल आणि तेंडुलकर यांच्याच दुसऱ्या चित्रपटाकडे येते, कारण दिगूला खरं उत्तर तिथे आहे आणि ते चार वर्षं आधी देऊन झालेलं आहे. 'सामना' १९७५ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला. 'सिंहासन'मध्ये सत्तेच्या मागे धावणारे दाभाडे झालेत श्रीराम लागू, आणि नीळू फुले नुसते बघतात. 'सामना'त पाट्या उलट्या आहेत. तिथे नीळू फुले हे हिंदुराव धोंडे पाटील, साखर कारखान्याचे धनी, सगळा गाव खिशात असलेले. आणि लागू हे दारूत बुडालेले, आयुष्याचं काही न राहिलेले मास्तर, एके काळचे स्वातंत्र्यसैनिक. मास्तर हा खरं तर दिगूपेक्षा जास्त निराश माणूस आहे. त्याने एक अख्खं स्वप्न साकार होऊन सडताना पाहिलं आहे. त्याला हसायचा जास्त हक्क होता. पण तो एका नावाला धरून बसतो. मारुती कांबळे. या गावातल्या या एका माणसाचं काय झालं? व्यवस्थेचं, लोकशाहीचं, महाराष्ट्राचं काय होणार हे तो विचारत नाही. दारूच्या तारेत, जेवणाच्या पानावर, नको त्या वेळी तो हेच विचारत राहतो. हिंदुरावांकडे लोकशाहीविषयीच्या प्रश्नांना शंभर उत्तरं आहेत, या एका प्रश्नाला नाही.

मास्तरचं अतिकौतुक करण्याचाही एक धोका आहे आणि मी त्यात पडले होते. तिसऱ्यांदा 'सामना' पाहताना टोचलं ते असं: या चित्रपटाला प्रश्न विचारण्यासाठी मास्तर लागतो. बाहेरून आलेला, शिकलेला, गांधींच्या काळातला. मारुती कांबळे माजी सैनिक आहे, गावात प्रश्न विचारायला आधी तोच उभा राहिला होता, पण चित्रपटाचा नायक तो नाही. तो नाहीसा झालेला माणूस आहे. त्याचं आडनाव कांबळे आहे आणि गाव गप्प आहे, या दोन गोष्टींचा संबंध चित्रपट पुरता खोलत नाही.

'सामना'नंतर तीन-चार वर्षांत महाराष्ट्रात काय झालं? १८ जुलै १९७८ ला वसंतदादा पाटलांचं सरकार पडून शरद पवार मुख्यमंत्री झाले. या घटनेवर आपल्याकडे आजवर जेवढी शाई गेली आहे तेवढी क्वचितच कशावर गेली असेल. तो खंजीर अजून गंजलेला नाही. त्याच सरकारच्या काळात, नऊ दिवसांनी, २७ जुलैला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. घरं जाळली, विहिरी नासवल्या, माणसं मारली. नांदेड जिल्ह्यात मारल्या गेलेल्या एकाचं नाव पोचीराम कांबळे होतं. हे नाव कुणा पटकथालेखकाने दिलेलं नव्हतं. पुढे लाँग मार्च, लाठ्या, तुरुंग, आत्मदहनं, आणि सोळा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ ला, नामांतराऐवजी नामविस्तार.

जुलै १९७८ च्या दुसऱ्या पंधरवड्यात दिगू टिपणीस कुठे उभा राहिला असता हे सांगायला नको. १८ तारखेची बातमी त्याने सगळ्यांच्या आधी दिली असती. ऑगस्टमध्ये तो मराठवाड्यात गेला असता का?

हा परिच्छेद मी लिहिला आणि इथेच अडकले. दिगू सोडा, मी मराठवाड्यातलीच आहे. आमचं आडनाव कांबळे नाही. आमचं घर गावात आहे, वस्ती ओढ्याच्या पलीकडे आहे. १९७८ मध्ये आमच्या गावात काय झालं, हे मला एकोणतीस वर्षांत कुणी सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. ७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी मी मांडीवर ऐकल्या. त्याच आजीच्या तोंडून ७८ चा एक शब्द नाही. जिला मस्टरवरचा प्रत्येक खाडा आठवत होता तिला हे आठवत नव्हतं, असं कसं म्हणू?

मी अण्णांना फोन केला. तेव्हा ते बारा वर्षांचे असणार. विचारलं, अण्णा, नामांतराच्या वेळी आपल्या गावात काय झालं होतं? पलीकडे थोडा वेळ टीव्हीचाच आवाज आला. मग ते म्हणाले, "कशाला उकरायलीस ते? आम्ही लेकरं होतो." मी म्हटलं, तरी पण. ते म्हणाले, "वस्तीवरचे लोक काही दिवस रानात होते म्हणतात." होते म्हणतात. कुणी म्हणतं, कुणाच्या भीतीने होते, परत आल्यावर घरं होती का, हे विचारायच्या आत त्यांनी पाऊसपाण्याचा विषय काढला.

आमच्या ग्रुपवरच्या निराशेबद्दल मला जे म्हणायचं आहे ते या फोनशिवाय म्हणता आलं नसतं. मुंबईतली शपथ पाहून आम्हाला लोकशाहीची चिंता वाटते, फोटो डिलीट करावासा वाटतो, देश सोडावासा वाटतो. आणि ज्या एका गावाबद्दल मी खरोखर काही विचारू शकते, जिथे मला भाषा येते, माणसं माहीत आहेत, जिथे माझ्या प्रश्नाला 'तू कोण विचारणारी' असं कुणी म्हणू शकत नाही, तिथे मी एकोणतीस वर्षं दिगूपेक्षा वेगळं काही केलेलं नाही. दिगू निदान पाहत तरी होता.

या कांबळ्यांच्या मालिकेत तिसरा आहे तो चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट'मधला नारायण कांबळे. चित्रपट २०१४ चा, व्हेनिसला गाजला, पुढच्या वर्षी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि त्यावर इतकं लिहून झालं आहे की मी थोडक्यात आटोपते. म्हातारा लोकशाहीर, मुलांच्या शिकवण्या घेतो, वस्त्यांवर गातो. एका गटार कामगाराच्या मृत्यूला तुझं गाणं कारण झालं असा आरोप ठेवून त्याला धरतात. तारखा पडत राहतात. या चित्रपटात सगळे जिने बंद आहेत. 'सिंहासन'मध्ये निदान कट तरी रंगतो, इथे नुसता कंटाळा आहे. सुट्टी लागते, न्यायालयाचे दिवे एकेक करून मालवतात, पडदा काळा होतो. कुठल्याही भल्या दिग्दर्शकाने तिथे चित्रपट संपवला असता. ताम्हाणे न्यायाधीशाच्या मागे त्याच्या सहलीला जातो आणि बाकावर डुलकी घेणाऱ्या त्या माणसाने एका पोराला मारलेली थोबाडीत दाखवतो. दिगूच्या हसण्यापेक्षा ही थोबाडीत मला जास्त प्रामाणिक शेवट वाटते. तीत कुणाला काही उमगल्याचा आव नाही.

पण मला बोलायचं आहे ते कांबळेबद्दल. 'सामना'त कांबळे नाहीसा झालेला आहे आणि त्याच्यासाठी कुणी दुसरा विचारतो. चाळीस वर्षांनी 'कोर्ट'मध्ये कांबळे स्वतः मंचावर उभा आहे, विचारणारा तोच आहे, आणि आरोपीही तोच. त्याची भूमिका वीरा साथीदार या नागपूरच्या खऱ्याखुऱ्या कार्यकर्त्याने केली. २०२१ च्या एप्रिलमध्ये ते कोविडने गेले. जामिनावर सुटल्यावर नारायण कांबळे काय करतो? गातो, लिहितो, पुन्हा पकडला जातो. त्याच्या चेहऱ्यावर आशा असते का? मी थांबवून थांबवून पाहिलं. नसते. थोडा वैताग असतो, वय असतं, आवाज लावायच्या आधीचं घसा खाकरणं असतं. त्याला आशा आहे की नाही हा प्रश्न चित्रपट विचारतच नाही, कारण त्याच्याकडे कॅनडाचा अर्ज नाही. 'देशाच्या राजकारणावरचा विश्वास सोडावा का' हा प्रश्न पडायला आधी, सोडून जायला दुसरी जागा लागते. माझ्याकडे ती आहे. म्हणून हा लेख मला लिहावा लागतो आहे आणि नारायण कांबळेला गाणं.

मित्राला हे वाचून दाखवलं तर तो म्हणाला, म्हणजे मी म्युनिकला गेलो ते चुकलं असं तुला म्हणायचं आहे. तसं मला म्हणायचं नाही. जाणाऱ्याने जावं. माझ्या आजीनेही दुष्काळात गाव सोडायची तयारी केली होती, खडीचं काम निघालं म्हणून थांबली. मला फक्त दिगूचं हसू बरोबर नेण्याला हरकत आहे. सामान उगाच जड होतं.

१५ जानेवारीला महापालिकेसाठी मत द्यायला गेले. मुदत २०२२ मध्ये संपली होती, जवळपास चार वर्षं प्रशासक होता, त्यामुळे या शहरात राहायला आल्यापासून माझं हे पहिलंच नगरसेवकाचं मत. प्रभागात चार जागा, म्हणजे चार बटणं. रांगेत पुढे उभे असलेले काका उमेदवारांच्या यादीकडे बघून, कोण आदल्या महिन्यात कुठल्या पक्षात होता ते सांगत होते आणि खुसुखुसू हसत होते. मी त्यांना विचारलं, आपल्या सोसायटीमागच्या नाल्याचं काम कुठल्या वर्षी मंजूर झालं होतं हो? त्यांना माहीत नव्हतं. मलाही माहीत नव्हतं. मागे उभ्या असलेल्या, आमच्याच बिल्डिंगमध्ये स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना माहीत होतं, कारण नाल्याच्या त्या बाजूला त्या राहतात. त्यांनी साल सांगितलं, ठेकेदार किती दिवस आला तेही सांगितलं, आणि काम किती फुटांवर थांबलं ते हाताने दाखवलं.

गेल्या आठवड्यात अण्णांचा स्वतःहून फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "त्या दिवशी विचारत होतीस ना." मी लॅपटॉप बाजूला ठेवला. म्हणाले, वस्तीवरचा त्यांच्या वर्गातला एक पोरगा त्या ऑगस्टनंतर शाळेत आला नाही. बाकावर त्यांच्या शेजारी बसायचा. त्याचं नाव त्यांनी सांगितलं, ते मी इथे लिहीत नाही. मी विचारलं, मग त्याचं काय झालं?

"नाही माहीत," अण्णा म्हणाले. मग थोड्या वेळाने, "पोळ्याला येशील तेव्हा जाऊ पलीकडे. त्याचा धाकटा भाऊ असतो अजून तिथं."